पाचट जाळू नका

महोदय,

ऊसतोडणीची टोळी फडाबाहेर पडली की संध्याकाळी पाचटाला, म्हणजे शेतात उरलेल्या उसाच्या वाळक्या पाल्याला, काडी लागते. यंदाही आमच्या शिवारात तेच दिसले, म्हणून हे पत्र.

हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवले की त्यातला नत्र (नायट्रोजन) बराचसा हवेत जातो, सेंद्रिय कर्ब तर जवळजवळ सगळाच. पालाश (पोटॅश) राखेत उरतो, पण राखही वाऱ्यापावसात वाहून जाते. मग गेलेला नत्र आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो!

तेच पाचट सरीत राहिले, तर बुरशी, जिवाणू आणि गांडुळे ते कुजवून पुन्हा मुळांपाशी आणतात. त्याच्या आसऱ्याला कोळी, भुंगेरे राहतात आणि किडींवर जगतात. आगीमागोमाग बगळे येऊन भाजलेले किडे टिपू लागतात, तेव्हा या फडात किती जीव नांदत होते ते कळते. फार वाईट वाटते.

शेतकऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पाचटामुळे सरीत पाणी पुढे सरकत नाही, म्हणून एकाआड एक सरीत पाचट दाबावे. कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलाच नत्र वापरतात. वरून थोडा युरिया टाकला नाही तर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेले पुढचे पीक) पिवळा पडतो आणि माणूस पुढच्या वर्षी पुन्हा काडीपेटी शोधतो. साखर कारखान्यांच्या शेती विभागांनी तोडणीआधीच बांधावर येऊन हे सांगावे आणि पाचट कुट्टीचे यंत्र माफक भाड्याने द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक ऊस उत्पादक, कोल्हापूर जिल्हा