बक्षीसपत्रात सांभाळाची अट छापून द्या : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या एका बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्या सहीपायीच हे पत्र लिहितो आहे.

त्या बक्षीसपत्राने काकूने हयातीतच राहतं घर आणि हापूसची तीस कलमं मुलाच्या नावे केली. सातबाऱ्यावरची चुलत्यांची नावं निस्तरण्यात काकांची हयात गेली होती. पोरावर ती पाळी येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. मुलाला घर-जमीन द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, म्हणून खर्चाचीही अडचण नव्हती. निबंधक कचेरीत तिचा अंगठा यंत्रावर उमटेना. कामाने रेषाच झिजलेल्या. पदराला पुसपुसून चौथ्यांदा ठेवला तेव्हा उमटला. अंगठ्यासाठी सगळे खोळंबले, पण ‘आजी, उद्या तुम्हांला कोण बघणार ते यात लिहिलंय का?’ असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांत तिचं अंथरूण माजघरातून पडवीत आलं, मग घराबाहेरच्या मांगरात. मला म्हणाली, “आता ह्या घर माजा नाय काय रे?”

साहेब, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न केल्यास परत घेता येते. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं की तशी अट असल्याचं दिसायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केलं, पण त्या मुलाने सांभाळायचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. आमच्या काकूकडे मुलाने तोंडी दिलेला शब्द तेवढा आहे.

म्हणून मागणी एकच. ज्येष्ठांच्या बक्षीसपत्राच्या नमुन्यात ही अट आधीच छापलेली असावी. कुणाला नको असेल तर त्याने स्वतः खोडावी, आणि तीही निबंधकांनी मुलाबाळांना बाहेर बसवून विचारल्यावर. त्याच वेळी मृत्युपत्राचं सांगावं: त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि हयातीत कधीही बदलता येतं. काकूला हे कळलं असतं तर घर आज तिच्याच नावावर असतं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी निबंधकाला घरी येता येतं, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. आमच्याकडे ते किती जणांना ठाऊक आहे? कचेरीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

त्याच २००७ च्या कायद्याखालचं प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देऊ शकतं. काकूला पैसे नकोत, माजघर हवं आहे. तिचा अर्ज घेऊन आम्ही सोमवारी कणकवलीला जातो आहोत. तिथेही साक्षीदार मीच.

आपला,
देवगड तालुक्यातील एक पुतण्या