सहा सिलिंडर मोजून दिलेला कार्बोरेटर : तक्रार व रक्कम परत मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपण मला पाठवलेला दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटांचा), ३५० सीएफएमचा (मिनिटाला ३५० घनफूट हवा जाऊ देणारा) कार्बोरेटर आणि त्याखालचा अ‍ॅडॉप्टर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. फोनवर बोलून झाले. दर वेळी नवा माणूस आणि नवे कारण, म्हणून आता लेखी.

माझी गाडी १९५१ ची शेवरोले आहे, मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात जोडलेली. इंजिन मूळचेच आहे : सहा सिलिंडर, २१६.५ घन इंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. गिअर हाताचे. ताकद ९२ हॉर्सपॉवर, तीही ३४०० आरपीएमला. जुन्या कार्टर डब्ल्यू-१ कार्बोरेटरची थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारी दांडी) झिजून तिथून हवा खेचू लागली, म्हणून नवा घ्यायचे ठरवले. ऑर्डर देताना ही सगळी माहिती मी ई-मेलने कळवली होती. गाडीचे वायरिंग ६ व्होल्टचे आहे हेही. आपले उत्तर एका ओळीचे होते : ‘सहा सिलिंडरला हाच बसतो.’

सहा सिलिंडर तर त्याच काळातल्या जॅग्वार एक्सके १२० लाही आहेत. इंजिनही जवळपास तेवढेच, ३.४ लिटरचे. पण ते ५००० आरपीएमला १६० हॉर्सपॉवर देते आणि त्याला दोन एसयू कार्बोरेटर लागतात. माझ्या शेवरोलेत सहा सिलिंडरना मिळून इनटेकचे पोर्ट (हवा-पेट्रोल आत जाण्याची तोंडे) तीनच. तेव्हा नुसते सिलिंडर मोजून कार्बोरेटर ठरवणे ही कुठली पद्धत?

हिशेब अवघड नाही. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाएवढी हवा घेते. घन इंचांना आरपीएमने गुणायचे आणि ३४५६ ने भागायचे, की मिनिटाला किती घनफूट ते निघते. माझे इंजिन ३६०० पर्यंत नेले (नेत नाही, पण धरू) तर २२५ येतात. एवढ्या जुन्या रचनेचे इंजिन हवेने पुरते भरत नाही. ७५ टक्के धरले तर १७० च्या आसपास. यावर आपल्या तंत्रज्ञांचे म्हणणे, दोन बॅरलचा आकडा ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजलेला असतो, तो फुगीर दिसतो. बरोबर आहे. चार बॅरलसाठी वापरतात त्या दीड इंचावर आणला तर ३५० चे २४७ होतात. तरीही ते गरजेच्या जवळपास दीडपट झाले की!

आता रस्त्यावर काय होते ते सांगतो. ताराराणी चौकात सिग्नल सुटतो, पाय दाबावा तर गाडी आधी गप्प होते, मग उचकी देऊन पुढे जाते, आणि मागून हॉर्न सुरू होतात. व्हेंच्युरी (कार्बोरेटरमधली हवेची अरुंद वाट) मोठी असल्याने कमी आरपीएमला हवेला वेगच येत नाही; जेटमधून पेट्रोल नीट ओढले जात नाही, आणि जे येते ते बारीक न होता थेंबाथेंबाने मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत) साचते. नळाचे तोंड बोटाने दाबले की पाणी लांब जाते, सोडले की पायाशी पडते, तसा प्रकार. आमच्या मिस्त्रींनी जेट बदलून पाहिले, पंपाचा स्ट्रोक बदलून पाहिला. स्लोला थोडी बरी चालते, पिकअपला पुन्हा तेच.

त्यात आपला इलेक्ट्रिक चोक (गार इंजिनात हवा अडवणारी आणि कॉइल तापली की उघडणारी पत्ती) १२ व्होल्टचा निघाला. ६ व्होल्टवर त्याच्या कॉइलला पाव उष्णता मिळते. इंजिन चांगले तापल्यावर एअर क्लीनर काढून पाहिले, चोकची पत्ती अर्धी मिटलेलीच! ई-मेल कोणी वाचला तरी होता का?

आपल्या एका प्रतिनिधीने सगळा दोष ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर टाकला. इथेनॉल वाढले की त्याच जेटवर मिश्रण पातळ होते, गडद नाही. माझे सहाही प्लग काजळीने काळे आहेत, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्तच आहे. त्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

माझी खरी काळजी वेगळी आहे. डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर चढलेले, आणि त्याला पेट्रोलचा वास. २१६ इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेरिंगे ओतीव व्हाइट मेटलची असतात आणि त्यांना ऑइल दाबाने मिळत नाही. रॉडच्या टोकाचे डिपर (छोटे चमचे) ऑइल उचलतात, त्यावर भागते. त्यात पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झाले तर बेरिंग जायला वेळ लागत नाही. पुन्हा ओतून घ्यायची तर जाणता कारागीर आज शोधावा लागतो. म्हणून गाडी लगेच थांबवली, ऑइल बदलले आणि जुनाच कार्टर परत चढवला. शाफ्ट झिजलेली असूनही गाडी त्यावर जास्त बरी चालते.

‘एकदा बसवलेला भाग परत घेतला जात नाही’ हा नियम आपण पुढे करता. न बसवता तो चालतो की नाही हे कळणार कसे? आणि माप मी निवडलेले नाही, आपण निवडून दिले आहे.

तरी कार्बोरेटर व अ‍ॅडॉप्टरची किंमत, दोन्ही वेळचे कुरिअर आणि ऑइल बदलण्याचा खर्च मिळून रक्कम पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. बिले सोबत आहेत. बदली माल नको. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन; राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय त्या कायद्यात आहे. आपला तो एका ओळीचा ई-मेल मी जपून ठेवला आहे.

कळावे,

आपला ग्राहक,
(सही)
कोल्हापूर

सोबत : बिलांच्या प्रती, ई-मेलची प्रत, प्लग व चोकचे फोटो