सुटकेचा कागद एसटीत बसवण्याआधी द्या

संपादक महोदय,

धारूर तालुक्यात मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. दसरा उलटला की वर्गातली निम्मी पोरं आईबापामागं ऊसतोडीला जायची. त्यातलीच एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात नवऱ्यासह परराज्यातून सुटून आली. हंगाम संपला तरी ‘उचल फिटली नाही’ म्हणून मुकादमानं दोघांना ओळखीच्या शेतावर राबवायला ठेवलं होतं. आधार कार्डं त्याच्याकडं, रात्री खोलीला बाहेरून कडी.

पोलिसांनी सोडवलं, जबाब घेतला, एसटीत बसवून दिलं. आठ दिवसांत मुकादमाचा माणूस दारात उभा. चुरगळलेल्या वहीत हिशेब: उचल, किराणा, दवाखाना, आणि ती तापानं पडून होती त्या दिवसांचे खाडे. सासूनं दोन शेळ्या विकून पैसे दिले.

ते द्यायचेच नव्हते! 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असं कर्ज बुडीतच निघतं, ते वसूल करणं गुन्हा आहे. पण हे दाखवून द्यायला हातात मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, असावा लागतो. मी तिच्याबरोबर तीनदा तहसीलला गेले. इथले म्हणाले, सुटका झाली तिथून आणा. तिथले म्हणाले, मूळ गावाहून घ्या. कागद नाही म्हणून केंद्राच्या योजनेतली 30,000 रुपयांपर्यंतची तातडीची मदतही अडकली.

गुन्हा फक्त मारहाणीचा नोंदवलाय. ‘उचल घेऊन आपल्या पायानं गेले, मग तस्करी कसली?’ असं आम्हाला ऐकवलं. भारतीय न्याय संहितेच्या मानवी तस्करीवरच्या कलम 143 मध्ये पीडिताची संमती ग्राह्यच नाही. हे ठणकावून सांगायला तिच्या बाजूनं वकील हवा होता. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तस्करी आणि वेठबिगारीच्या पीडितांना तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करता येतो. तिला हे कुणी सांगितलं नाही. मलाही फार उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं.

माझी मागणी एवढीच आहे: सुटकेच्या दिवशीच विधी सेवेचा वकील तिथं हजर असावा आणि मजूर गाडीत बसण्याआधी प्रमाणपत्र त्याच्या हातात पडावं.

दिवाळीनंतर तिची साक्ष आहे. मुकादमाचं गाव आमच्यापासून चार किलोमीटरवर. साक्षीदार संरक्षण योजना 2018 पासून लागू आहे, म्हणून संरक्षणासाठी अर्ज मी लिहून दिला. त्याची पोचसुद्धा अजून मिळालेली नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. धारूर, जि. बीड
(तिच्या सुरक्षेसाठी माझं नाव छापू नये, ही विनंती.)