आबा, तुमचा दिवा अजून लागतो

आबा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. तोंडावर आभार मानले की तुम्ही हात झटकून पुन्हा पंक्चरला बसता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

धुळ्यात अवधानच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी सुटली की मी सायकलवर एकटीच देवपूरला निघते. त्या रात्री तुमच्या वस्तीच्या तोंडाशी, दारूच्या दुकानाजवळ चेन उतरली. डायनामोचा दिवा चाक फिरेल तोवरच जळतो. सायकल थांबली आणि मिट्ट काळोख. पुढं गेलेली मोटारसायकल वळून परत आली, वर दोघं. माझ्या तोंडाला कोरड पडली. तेवढ्यात तुम्ही शटर वर करून हाक मारलीत, "घाबरू नको माय, मी शे ना आठे." ते दोघं न थांबता निघून गेले.

तुम्ही मागच्या चाकाचे नट सैल केलेत, चाक मागं ओढून चेन ताणलीत. मग जुन्या ट्यूबची पट्टी कापून हँडलला बॅटरीचा दिवा बांधलात, थांबल्यावरही जळणारा. हात चालू होते तसं बोलणंही. पिशवी बास्केटात मोकळी ठेवू नको, कॅरियरला बांध. कानात गाणी नकोत, मागची गाडी ऐकू आली पाहिजे. कुणी मागं लागलं तर घराकडं वळू नको, त्याला घर कळतं. मेडिकलमध्ये, पंपावर, जिथं उजेड नि माणसं असतील तिथं शीर आणि ११२ लाव.

या वस्तीतून जाऊ नकोस, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. म्हणून मी मान खाली घालून, कुणाकडं न बघता पायडल मारायचे. ओळख ठेव, असं सांगणारे तुम्ही पहिलेच. आता तुमच्या दुकानापाशी घंटी वाजवते, चहावाल्या आक्का हात करतात. एखाद्या दिवशी उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी विचारतात. दारूच्या दुकानापुढचा खांबावरचा दिवा मात्र अजून बंद आहे. आम्ही पाळीतल्या तिघींनी त्यासाठी अर्ज दिलाय.

त्या रात्री पांझरेच्या पुलापर्यंत तुम्ही स्वतःची सायकल घेऊन सोबत आलात. पूल ओलांडल्यावर माझ्या ध्यानात आलं, की दिवा तर माझ्या हँडलला होता. तुम्ही अंधारातच परत गेलात, आबा.

पैसे घेतले नाहीत, ठीक. रविवारी कळण्याची भाकरी आणि भरीत आणतेय, त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
देवपूरची सायकलवाली पोर