तुम्हीच चालवा, मी ऐकतो

दादा,

घाटातली घट्ट वळणं घेताना माझी गाडी अडखळायची, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. ज्या मेकॅनिकांना दाखवली त्यांनी ती जागची हलवलीही नाही. सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, डोंगरात अशीच वागणार, असं सांगून मोकळे झाले. एकाने गिअरबॉक्सच बदलायला सांगितला. दुसऱ्याने तर माझ्याकडे न बघता सोबत आलेल्या माझ्या भावाला सगळं समजावलं. भाऊ ही गाडी चालवतही नाही! तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र मी पुढे केलेली किल्ली घेतली नाहीत. "तुम्हीच चालवा, मी शेजारी बसून ऐकतो," म्हणालात. एसी बंद केलात, काच खाली घेतलीत आणि चढ संपेपर्यंत मला एकदाही टोकलं नाहीत. एका वळणावर हात वर करून म्हणालात, "हेच ना?" हो, हेच. इतके दिवस मी जे शब्दांत सांगत होते, ते कोणीतरी पहिल्यांदा माझ्यासोबत अनुभवलं होतं. माझा गळा दाटून आला होता. तुमच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

चढावर इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, हा सीव्हीटीचा स्वभाव. पुलींवरचा पट्टा सरकत राहतो, ठरलेले गिअर नसतातच, हे तुम्ही सांगितलंत. वळणातलं अडखळणं मात्र त्यातलं नव्हतं. एका दुकानाने फाटलेल्या टायरच्या जागी एकच कोरा टायर बसवून दिला होता, बाकीचे तीन झिजलेले. ट्रेडमध्ये, म्हणजे टायरवरच्या खाचांच्या खोलीत, ३ मिलिमीटरचा फरक असला तरी परिघात जवळजवळ १९ मिलिमीटरचा पडतो, आणि काही ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ओढ देणाऱ्या, गाड्यांना तो ६ मिलिमीटरच्या आत लागतो. पुढची-मागची चाकं जोडणारा क्लच तो फरक सोसत तापत होता. दोष गिअरबॉक्सचा नव्हताच.

उतरताना तुम्ही गिअरचा दांडा डी (नेहमीचा) वरून एल (लो) वर घ्यायला लावलंत. इंजिनानेच गाडी आवरून धरली, ब्रेक तापले नाहीत. "चारही चाकांची ओढ चढायला कामाची, थांबायला नाही," असंही म्हणालात. गाडी विकणाऱ्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

कामात हुशार माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याचं म्हणणं खरं असू शकतं असं धरून चालणारी फार थोडी. अशा माणसाकडून निघताना आपण कोणीतरी आहोत असं वाटतं, आणि मला त्या दिवशी तसं वाटलं. मनापासून आभार, दादा. टेप धरून चारही चाकं पुन्हा पुन्हा मोजणाऱ्या तुमच्या हाताखालच्या मुलालाही माझे आभार नक्की सांगा.