‘डिजिटल’ या एका शब्दावर भुलू न दिल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, नेर या भागातून बी.आर्क. ही वास्तुकलेची पदवी घेऊन डिजिटल डिझाइनमध्ये पुढचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या पोरापोरींसाठी तुम्ही आपले रविवार दिलेत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं धारणी-सिरोंच्याच्या पोरांच्याही कामी यायला हवं.

विद्यापीठाच्या नावाआधी पदवीचं नाव वाचायचं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. लंडनच्या बार्टलेट या वास्तुकला संस्थेतली ‘आर्किटेक्चर एम.आर्क.’ ही ब्रिटनमध्ये आर्किटेक्ट म्हणून नोंदणीच्या वाटेवरची, म्हणजे त्या वाटेचा दुसरा टप्पा, पार्ट टू. त्याच संस्थेची ‘आर्किटेक्चरल डिझाइन एम.आर्क.’ तशी नाही. अक्षरं तीच, पण तिथे राहून आर्किटेक्ट म्हणून सही करायची असेल तर फरक मोठा. देशातच शिकायचं तर गेट किंवा पीजीईटीए या प्रवेश परीक्षा; गेटचा स्कोअर प्रवेशाला ३ वर्षं चालतो, आणि त्या अभ्यासक्रमाला वास्तुशिक्षणावर देखरेख करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी पाहायचं.

मग ‘डिजिटल’ची फोड. कुठे आकाराचा शोध असतो, कुठे कोड लिहिणं, कुठे यंत्रमानवाच्या हाताने प्रत्यक्ष बांधणी. लंडनच्याच एए स्कूलच्या डिझाइन रिसर्च लॅबचा अभ्यासक्रम १६ महिन्यांचा, काम गटाने. एकट्याने काम करायची सवय असलेल्याला ते जड जातं. जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक हा अभ्यासक्रम ४ सत्रांचा, इंग्रजीतून. तिथे आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर एकत्र शिकतात आणि लाकूड, तंतू यांवर खरोखर बांधून पाहतात. माहितीपत्रकातली चित्रं बाजूला ठेवून मागच्या ३ वर्षांचे प्रबंध उघडा, असं तुम्ही म्हणायचात. प्रबंधात भार-चाचणी, सांध्याचं मोजमाप, फसलेला नमुना दिसला तर प्रयोगशाळा विद्यार्थ्यांच्या हाती येते. नुसते चकचकीत रेंडर, म्हणजे संगणकाने रंगवलेली चित्रं, दिसले तर जपून.

पण खरं ऋण आहे ते पोर्टफोलिओचं, म्हणजे अर्जासोबत पाठवायच्या कामांच्या संग्रहाचं. ऱ्हायनो या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरच्या तारांचं जाळं (चौकटी तारांनी जोडून लिहिलेला कोड) छापून काही सिद्ध होत नाही, त्या जाळ्यामुळे कोणता निर्णय बदलला ते दाखवा, हा तुमचा आग्रह. म्हणून विषय आपल्याच उन्हाळ्याचा घ्यायला लावलात: कवेलूचं छप्पर, धाब्याचं घर आणि टिनाची खोली, तिन्ही ४५ अंशांत. ऱ्हायनोची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती पूर्ण चालते, ऊन-हवामानाचा हिशोब करणारं लेडीबग फुकट आहे, नागपूरची हवामान फाइल मिळते. चुका कुठे होतात तेही दाखवलंत. मॉडेल मिलिमीटरमध्ये की मीटरमध्ये हे न पाहणं. उत्तर दिशा न फिरवणं. न सांगितल्यास ती वाय अक्षावरच धरली जाते. नागपूरची फाइल चिखलदऱ्याला लावणं, जे सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. आणि सर्वांत घातक म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उन्हाचा रंगीत नकाशा काढून खोली थंड झाली म्हणणं. तो नकाशा ऊन मोजतो, आतली उष्णता नाही. धाब्याच्या मातीत दिवसभर साठून रात्री बाहेर पडणारी ऊब पाहायला इमारतीतल्या उष्णतेचा हिशोब करणारी हनीबी आणि एनर्जीप्लससारखी साधनं लागतात.

बांबूचंही तसंच. मॉडेलमध्ये सगळीकडे ५० मिलिमीटरची सरळ नळी काढली की सांधे सुबक बसतात. मानवेल जातीचा बांबू मात्र जवळजवळ भरीव, बुडाकडून शेंड्याकडे निमुळता आणि वाकडा. कटांग जातीचा जाड आणि पोकळ. म्हणून प्रत्येक काठीला क्रमांक द्यायचा, दोन्ही टोकांचा आणि मधला व्यास कॅलिपरने मोजून तक्त्यात भरायचा, तो तक्ता ग्रासहॉपरला जोडायचा आणि सांध्याचं भोक त्या काठीपुरतं काढायचं. बांधणीच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्यासाठी अशी १२ काठ्यांची एक चौकट ४० पानांच्या रेंडरपेक्षा वजनदार आहे, हे आम्हालाही पटलंय.

पैशाचं कुणी सहसा स्पष्ट बोलत नाही, तुम्ही बोललात. बहुतेक बँका परदेशी शिक्षणाच्या कर्जाला वावर तारण घेत नाहीत. बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून कलम ३१ नुसार शेतजमीन वगळलेली असल्याने त्या कायद्याने वसुली होत नाही. सातबारा घेऊन चकरा मारण्याआधी अकृषक प्लॉट किंवा घराची कागदपत्रं तपासायला घरच्यांना सांगा, हा सल्ला कितीतरी बापांचे हेलपाटे वाचवणारा. स्टुटगार्टला युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे; व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो, अडकवून ठेवावी लागते. शिवाय भारतीय विद्यार्थ्याला एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून जर्मनीसाठी दिलं जाणारं) हवंच, म्हणून ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात येण्याआधीच उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला सांगणाऱ्याही तुम्हीच.

काठ्या मोजायच्या तक्त्याचा तुम्ही आखून दिलेला नमुना आम्ही तालुक्याच्या वाचनालयात लावून ठेवतोय. ज्याला हवा त्याने उतरवून न्यावा.

आपले ऋणी,
दारव्हा परिसरातील वास्तुकलेचे विद्यार्थी आणि शिक्षक