ग्रंथालयात जीवशास्त्रज्ञही हवेत

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सुमारे १३ हजार संशोधन-नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली, हे स्वागतार्हच. पण तीन वर्षांसाठीची ६ हजार कोटींची ही तरतूद वाचनासाठी आहे. संशोधकांनी स्वतः जमवलेली माहिती कोण सांभाळणार?

‘सेप्ट-२’ हे जनुकाचे नाव एक्सेलमध्ये टंकले की त्याची ‘२ सप्टेंबर’ ही तारीख होत असे. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. शेवटी अशा जनुकांची नावेच बदलावी लागली! ही चूक छापण्याआधी पकडायला प्रयोगशाळेत हात मळलेला माणूस लागतो. अमेरिकेतील काही विद्यापीठे जीवशास्त्रज्ञांना विज्ञान-ग्रंथपाल म्हणून नेमतात. आपल्याकडे फरिदाबादला संशोधकांची जैविक माहिती (विदा) साठवणारे भारतीय जैविक विदा केंद्र २०२२ पासून सुरू आहे. मात्र तिथे नोंद कशी करायची, हे विद्यार्थ्याला शेजारी बसून दाखवणारे कोणी नसते. विद्यापीठांनी ग्रंथालयातील पदे भरताना जीवशास्त्रातील पीएचडीधारकांसाठी निदान एक तरी जागा ठेवावी.

— जीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे